रोही, रानडुक्कर आणि रायफलची गोळी: 'बोअर केवढा?' हा प्रश्न चुकतो कुठे

तूर फुलोऱ्यात आली, हरभरा घाट्यांवर आला, की मराठवाड्यात एक चर्चा ठरलेली. रात्रीतून रोह्यांचा (नीलगायींचा) कळप अर्धं रान तुडवून गेला, डुकरांनी भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरून काढल्या, आणि वनखात्यानं अमुक गावाला मारायची परवानगी दिली म्हणे. मग पारावर पुढचा प्रश्न येतो: "लायसन कुणाकडं हाय? बोअर केवढा?"

बोअरचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, कारण तो परवान्यावर लिहिलेला असतो. पण गोळी लागलेलं जनावर शंभर पावलांत आडवं होणार, की दोन शिवारं ओलांडून ओढ्यात तीन दिवस कुजत मरणार, हे त्या आकड्यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं गोळी कशी बनवली आहे आणि ती अंगात शिरल्यावर काय करते यावर. जगात जिथं हरणांची शिकार कायदेशीर आहे तिथं या एका विषयावर शंभर वर्षं खल चालू आहे. आपल्याकडं शिकार बंद आहे, पण पिकांच्या निमित्तानं परवानगीची गोळी चालते. त्यामुळं हे ज्ञान इथंही लागतं.

## आधी कायदा, थोडक्यात

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शौकाची शिकार देशभर बंद. काळवीट आणि चिंकारा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद आहे. काळविटांनी ज्वारी खाल्ली म्हणून त्यांना मारायची परवानगी मिळत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा, इतकाच मार्ग.

रोही आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये येतात. उभ्या पिकाला त्यांचा धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ खाली कारणं नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. लेखी. "साहेब हो म्हणाले" याला अर्थ नाही. आणि असं मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतं. त्याचं मटण वाटून घेतलं की परवानगी असूनही गुन्हा होतो. कुंपणात सोडलेला वीजप्रवाह, कणकेतला गावठी बॉम्ब, तारेचा फास हे सगळं बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात.

## काडतूस वेगळं, गोळी वेगळी

बोलताना आपण "दहा गोळ्या आणल्या" म्हणतो, पण दुकानातून येतं ते काडतूस. त्याचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, ती दारू पेटवते, वायू गोळीला नळीतून ढकलतो. बाहेर जाते ती फक्त गोळी. नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात, त्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि म्हणूनच नाक पुढं ठेवून सरळ जाते. .३०-०६ रायफलीत दर दहा इंचाला एक फेरा या हिशोबानं ती सेकंदाला सव्वातीन हजार गिरक्या घेते.

बोअर म्हणजे नळीचा व्यास. .३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५, म्हणजेच ८ मि.मी. .३०-०६ मधला ०६ हा व्यास नाही, ते १९०६ साल आहे. आकड्यांची ही भानगड जुनी आहे आणि तिला फारसं तर्कशास्त्र नाही, तेव्हा त्यात डोकं घालू नये. बारा बोअरचा हिशोब तर पूर्ण निराळा: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेकीचा जो व्यास येईल, तो बारा बोअर.

एक शब्द मात्र लक्षात ठेवावा लागतो, ग्रेन. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि पेटीवर तेच छापतात. सोनाराकडचा जुना तोळा आठवत असेल तर हिशोब सोपा आहे. तो ११.६६ ग्रॅमचा तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. .३०-०६ ची एक प्रचलित गोळी नेमकी १८० ग्रेनची, म्हणजे एक तोळ्याची. आपल्या सरकारी कारखान्याच्या .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, सव्वा तोळ्याहून थोडी जास्त.

## धक्क्यानं जनावर पडत नाही

सिनेमात गोळी लागली की माणूस मागं उडतो. त्यामुळं "मोठी गोळी म्हणजे मोठा धक्का" हे डोक्यात बसलेलं असतं. साधा गुणाकार करून पाहू. .३१५ ची १५.८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ६२० मीटर वेगानं निघते. हा सगळा रेटा २०० किलोच्या रोह्याच्या अंगात जिरला, तर त्याचं शरीर सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगानं सरकेल. मुंगीच्या चालीसारखा हा वेग. उलट बाजूनं पाहा: जितका रेटा गोळीला मिळतो तितकाच रायफलीचा दस्ता खांद्याला देतो, आणि मारणारा काही मागं उडत नाही.

मग जनावर मरतं कशानं? दोनच गोष्टींनी. एक, मेंदू किंवा मणका तुटला, तर ते जागीच बसतं. दोन, हृदय-फुप्फुसं फाटली, रक्त वाहून गेलं, मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला. दुसऱ्या प्रकारात हृदय बंद पडलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतकी शिल्लक असते, आणि तेवढ्यात दचकलेलं जनावर शंभर मीटर सहज पळतं. ते पळालं म्हणजे नेम चुकला, असं नाही.

थोडक्यात, गोळीला दोन कामं नेमून दिलेली आहेत: छातीच्या पोकळीपर्यंत पोचणं, आणि तिथं रुंद जखम करणं. गोळीच्या जातींमधला सगळा वाद या दोन कामांच्या वाटणीचा आहे.

## पहार, ढेकूळ आणि कापसाचं बोंड

विहीर खोदणाऱ्याला हे पटकन समजेल. पहार खोल जाते, पण भोक बारीक पाडते. खोरं रुंद ओढतं, पण मुरमात शिरत नाही. गोळीला आधी पहार आणि मग खोरं व्हायचं असतं, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात.

पूर्ण कवचाची गोळी ही शुद्ध पहार. आत शिसं, वरून नाकापर्यंत तांब्याच्या मिश्रधातूचं कवच. लष्कर हीच वापरतं. मऊ अंगातून ती दाभण गोणपाटातून जावं तशी जाते: बारीक भोक, बारीक रक्तरेषा, आणि जनावर निघून जातं. ते मरतं, पण कुठं आणि कधी याचा पत्ता लागत नाही. म्हणून हरणांसाठी ही गोळी वाईट.

मऊ नाकाच्या गोळीत टोकाशी कवच कापलेलं असतं आणि शिसं उघडं असतं. ती अंगात शिरली की पुढचं शिसं दाबलं जाऊन मागं वळतं आणि कवचाच्या पाकळ्या उलगडतात. कापसाचं पिकलेलं बोंड चार-पाच कप्प्यांत उकलतं, अगदी तसं. ८ मि.मी.ची गोळी १५-१६ मि.मी. झाली, तर व्यास दुप्पट पण छेदाचं क्षेत्र चौपट झालं. टोकाला खड्डा असलेली पोकळ नाकाची गोळी आणि प्लॅस्टिकचं टोक बसवलेली गोळी ही याच तत्त्वाची भावंडं. प्लॅस्टिकचं टोक हवा कापायला मदत करतं आणि आत शिरल्यावर पाचरीसारखं मागं सरकून बोंड लवकर उकलतं.

या उकलणाऱ्या गोळीचं गाजलेलं नाव आपल्याच देशातलं. १८९० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या ब्रिटिश सैन्याची तक्रार होती की पूर्ण कवचाची .३०३ गोळी लागूनही शत्रू थांबत नाही. कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्र कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानं कवचाचं टोक उघडं ठेवलेली गोळी केली. 'डमडम गोळी' हा शब्द तिथून जगभर गेला. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात असल्या गोळ्यांना मनाई केली. आणि गंमत अशी की इंग्लंडचा हरणांविषयीचा १९९१ चा कायदा नेमकं उलट सांगतो: हरणावर रायफल चालवायची तर गोळी मऊ किंवा पोकळ नाकाचीच हवी. कारण सरळ आहे. युद्धात जखमी माणूस वाचावा अशी इच्छा असते, शिकारीत जनावर जखमी होऊन उरू नये अशी.

आता बिघाड कुठं होतो ते पाहा. साध्या मऊ नाकाच्या गोळीत कवच आणि शिसं एकमेकांना चिकटलेले नसतात, नुसते बसवलेले असतात. वेग फार असला किंवा वाटेत खांद्याचं जाड हाड आलं, की कवच एकीकडं आणि शिसं दुसरीकडं जातं. गोळी ढेकळासारखी फुटते; वर भयानक दिसणारी उथळ जखम होते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. कोल्ह्या-सशाएवढ्या जनावरांसाठी काही गोळ्या मुद्दाम अशा ठिसूळ करतात. त्या रोह्यावर चालवणं म्हणजे त्याला महिनाभराचं दुखणं देणं.

यावर तीन तोडगे निघाले. पहिला अमेरिकेतल्या जॉन नोस्लर यांचा. १९४६ साली कॅनडात मूस या घोड्याएवढ्या हरणावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. त्यांनी गोळीच्या मध्यातच तांब्याची आडभिंत घातली: पुढचा कप्पा उकलतो, मागचा अखंड राहून आत जातो. १९४८ पासून ही 'पार्टिशन' गोळी विकली जाते आणि आजही तिला गिऱ्हाईक आहे. दुसरा तोडगा जोडगोळीचा. शिसं कवचाला वितळवून पक्कं धरवलेलं असतं, पितळेच्या पातेल्याला कल्हई धरते तसं. तिसरा, शिसंच काढून टाकायचं आणि पूर्ण गोळी तांब्याची करायची, नाकात खड्डा आणि चार पाकळ्यांच्या खाचा. अशी गोळी ९५ टक्क्यांहून जास्त वजन टिकवते. साधी मऊ नाकाची गोळी बऱ्याचदा निम्मं ते दोन-तृतीयांश वजन टिकवते, जोडगोळी ऐंशीच्या पुढं.

तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळं त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या नळीच्या आट्यांना ती नीट फिरवता येत नाही. म्हणून १८० ग्रेन शिशाच्या जागी १५० ते १६५ ग्रेन तांबं घेतात. ते हलकं असूनही खोल जातं, कारण वाटेत झिजत नाही. राहिली पूर्ण टणक, न उकलणारी 'सॉलिड' गोळी. ती हत्ती आणि आफ्रिकन रेड्यासाठी. आपल्याला तिच्याशी काही कर्तव्य नाही.

## वेग उतरला की बोंड उमलत नाही

पेटीवर लिहिलेला वेग हा नळीच्या तोंडाचा असतो. शंभर-दोनशे मीटरवर तो बराच उतरलेला असतो, आणि गोळीचं उकलणं वेगावर अवलंबून आहे. बहुतेक साध्या मऊ नाकाच्या गोळ्या सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास असेपर्यंत भरवशानं उकलतात. त्याखाली त्या कमी उकलतात आणि पहारीसारख्या वागू लागतात. तांब्याच्या गोळीला तर याहून थोडा जास्त वेग लागतो.

.३१५ चा हिशोब इथं उघडा पडतो. ६२० मीटरनं निघालेली बोथट नाकाची गोळी शंभर मीटरवर साडेपाचशेच्या घरात येते. म्हणजे हे हत्यार मुळात शंभर मीटरच्या आतलं. अंतर वाढलं की खालीही फार येते: शंभर मीटरवर नेम जुळवला, तर दोनशेवर गोळी साधारण फूटभर खाली लागते. रोह्याच्या फुप्फुसावर धरलेली गोळी पायावर जाते, आणि तीन पायांचा रोही गावाच्या शिवारात महिनाभर फिरताना दिसतो. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ८२० मीटरनं निघते, दोनशेवर बारा-तेरा सेंटिमीटर पडते आणि तिथंही उकलण्याइतकी जोरात असते. इथं तो आकडा उपयोगी पडतो, हे मान्य; पण तो वेगामुळं, भोकाच्या रुंदीमुळं नव्हे. बोअर तर .३१५ चाच मोठा आहे!

## हरीण, डुक्कर, रोही: अंग वेगळं, गोळी वेगळी

परदेशी पेट्यांवर 'डिअर' असं लिहून वर एक हरणाचं चित्र असतं. ते हरीण ५० ते १०० किलोचं, पातळ कातडीचं, बारीक बरगड्यांचं. तिथं गोळी लवकर उकलायला हवी, नाहीतर उकलायच्या आत पलीकडून बाहेर पडते. म्हणून मध्यम वजनाची साधी मऊ नाकाची किंवा प्लॅस्टिक टोकाची गोळी पुरते; .३०-०६ मध्ये १५० ते १६५ ग्रेन.

रोही हरीण नाही. शिंगं न गळणारा, आशियातला सगळ्यात मोठा कुरंग आहे तो. पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढं सहज जातो, मान आणि छातीवरची कातडी जाड, खांद्याची हाडं बैलासारखी. १९३० च्या आसपास टेक्सासातल्या कुरणांवर रोही नेऊन सोडले गेले, तिथं त्यांची आज रीतसर शिकार होते, आणि तिथल्या जाणत्यांचं म्हणणं ठाम आहे की हरणाची गोळी रोह्याला घेऊ नका. जड आणि चिवट बांधणी हवी: १८० ग्रेन किंवा वर, जोडगोळी, आडभिंतीची किंवा तांब्याची.

डुकराचा घोळ निराळा. वयात आलेल्या नराच्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली चिवट कूर्चेसारखा थर असतो. जाणते त्याला ढाल म्हणतात. नर एकमेकांशी भांडताना सुळे मारतात, त्यापासून ती वाचवते. त्यावर चिखलाचा सुकलेला लेप आणि खाली चरबी. ठिसूळ गोळी ढालीतच संपते. चिवट गोळी आत गेली तरी चरबी भोक बुजवते आणि रक्त बाहेर टिपकत नाही, त्यामुळं माग काढणं कठीण. शिवाय डुकराचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढं असतं, पुढच्या पायांच्या अगदी मध्ये. शेळीच्या अंदाजानं बरगडीच्या मधोमध धरलं, तर गोळी पोटात जाते.

जीव घेणाऱ्या भागाचा आकारही लक्षात घ्या. आडव्या उभ्या रोह्याला तो जेवणाच्या ताटाएवढा असतो, डुकराला नाश्त्याच्या बशीएवढा. ज्या अंतरावरून तुमच्या तीनही गोळ्या त्या बशीत बसत नाहीत, ते अंतर तुमचं नाही, गोळी कितीही उत्तम असो.

## ".२२ नं डोक्यात मारली तर?"

हा प्रश्न हमखास येतो, कारण .२२ चा आवाज कमी आणि काडतूस स्वस्त. .२२ ची गोळी ४० ग्रेनची. ऊर्जा दीडशे ते दोनशे जूल. .३१५ ची तीन हजारांच्या आसपास. इंग्लंडात बहुतेक हरणांसाठी रायफलीची ऊर्जा निघताना किमान २,३०० जूल असावी लागते, तर जर्मनीत मोठ्या हरणांसाठी शंभर मीटरवर किमान २,०००. हे आकडे अनुभवातून आलेले आहेत. .२२ नं डोकं नेमकं फुटलं तर जनावर मरेल, पण डोकं ही सगळ्यात जास्त हलणारी गोष्ट. दोन बोटं चूक झाली की जबडा तुटतो, आणि ते उपाशी मरतं. ज्यांना दहा मीटरवर पिंजऱ्यातलं जनावर संपवायचं आहे त्यांची गोष्ट वेगळी.

## "बारा बोअर घरात आहे, ती चालणार नाही का?"

आपल्याकडं परवाने जास्त करून बारा बोअरचेच. तिचे बारीक छर्रे तितर-सशाचे. ते डुकरावर मारणं हा निव्वळ छळ. एलजी, एसजी हे मोठे छर्रे वीस-पंचवीस मीटरपर्यंत जोरदार, पण पुढं पसरतात आणि एक-दोनच लागतात. गोल छर्रा हवेत आणि अंगात दोन्हीकडं लवकर थकतो. रोह्याला ते नकोच. एकगोळी काडतूस डुकराला पन्नास मीटरच्या आत काम देतं, मात्र ते नळीच्या तोंडाच्या चोकला (तोंडाशी अरुंद केलेल्या भागाला) चालतं का हे आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्यावं. ठासणीच्या विनापरवाना बंदुकीबद्दल बोलायलाच नको.

## "जड गोळी तुरीतून सरळ जाते ना?"

नाही. तुरीचं खोड, पऱ्हाटीची काडी, उसाचं कांडं, काहीही मध्ये आलं की हलकी असो वा जड, गोळी वळते. भोवरा खड्याला लागला की डगमगतो, तसं. शिवाय मऊ नाक काडीवरच उकलायला लागतं आणि जनावरापर्यंत बिघडलेलं पोचतं. जड आणि बोथट गोळी थोडी कमी वळते इतकंच. पिकाच्या मागं उभ्या असलेल्या जनावरावर चाप ओढायचा नाही, याला पर्याय नाही.

## गोळी पुढं कुठं जाते

मराठवाड्याचं रान सपाट. हा मुद्दा खरं तर सगळ्यात आधी यायला हवा होता. .३०-०६ ची गोळी वर तोंड करून सुटली तर चार किलोमीटरहून पुढं जाऊ शकते, .२२ ची दीड किलोमीटरच्या आसपास. मध्ये वस्ती आहे, रात्री दाऱ्याला गेलेला माणूस आहे, ज्वारीच्या माळ्यावर झोपलेलं पोरगं आहे. आणि आपल्या मातीखाली काळा पाषाण. उघड्या खडकावर तिरकी लागलेली गोळी कुठंही उसळते.

उकलणाऱ्या गोळीचा इथं एक फायदा आहे. ती अंगात वेग घालवते, आणि बाहेर पडलीच तर मंदावलेली असते. पूर्ण कवचाची गोळी कळपात मागं उभ्या दुसऱ्या रोह्यालाही जखमी करते. पण याच्यावर विसंबायचं नाही. मचाणावरून किंवा बांधावरून खाली मारायचं, म्हणजे चुकलेली गोळी काळ्या मातीत जाईल. आभाळाच्या रेषेवर उभा रोही कितीही मोठा दिसला तरी सोडायचा.

## शिशाचं काय?

शिशाची गोळी उकलताना तिचे कण जखमेच्या भोवती विखुरतात; बरेचसे डोळ्यांना न दिसणारे. जिथं मटण खातात तिथं जखमेभोवतीचा भाग भरपूर कापून टाकायला सांगतात. कॅलिफोर्नियात कॉन्डर गिधाडं शिकारीच्या अवशेषांतलं शिसं खाऊन मरत होती, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथं शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. डेन्मार्कनं २०२४ मध्ये रायफलीच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी आणली.

आपल्याकडं मटणाचा प्रश्न कायद्यानंच सुटला. पण मारलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर कोल्हे, गावची कुत्री आणि घारी ते खातात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानं आपली गिधाडं किती झपाट्यानं संपवली हे पाहिलेल्या प्रदेशानं खोल खड्डा खणून पुरायची सवय ठेवायला हवी. तांब्याच्या गोळ्या इथल्या दुकानांत सहसा दिसत नाहीत, तोवर खड्डा हाच उपाय.

## पेटी हातात घेतल्यावर

पुंगळीच्या बुडावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. '८ मि.मी.' नावाची अनेक काडतुसं आहेत, आणि एकाची गोळी दुसऱ्यात घालण्याचा प्रयत्न बोटं घेऊन जातो. काडतूस आडवं धरून गोळीचं टोक पाहा: करडं, नखानं ओरखडा पडणारं शिसं दिसलं तर मऊ नाक, टोकापर्यंत तांबूस चकाकी असेल तर पूर्ण कवच.

काडतुसांचा कोटा परवान्यावर बांधलेला असल्यामुळं लोक सराव करत नाहीत, आणि तिथंच घोडं पेंड खातं. अधिकृत रेंजवर नळी वाळूच्या पोत्यावर नव्हे, दस्त्याचा पुढचा लाकडी भाग पोत्यावर टेकवून आधी २५ मीटरवर तीन गोळ्या, मग १०० मीटरवर तीन. तिन्हींचा मध्य बघून माशी (नळीवरची नेमाची खूण) सरकवायची, एका गोळीवरून नाही. नळीत तेल असेल तर पहिली गोळी भलतीकडं जाते, म्हणून निघण्याआधी कोरडा फडका फिरवावा. दुसऱ्या वजनाची किंवा दुसऱ्या कारखान्याची पेटी आली की नेम पुन्हा जुळवावा लागतो.

मे महिन्यात जीपच्या कप्प्यात ठेवलेली काडतुसं भाजून निघतात. गरम दारू जास्त दाब देते. पावसाळ्यात पितळेवर हिरवा गंज चढतो, तसं काडतूस वापरू नये. चाप ओढूनही आवाज आला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून पूर्ण मिनिटभर थांबा. दारू उशिरा पेटू शकते. आणि नेहमीपेक्षा दबका 'फुस्' आवाज आला, तर दुसरं काडतूस अजिबात भरू नका. पहिली गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर दुसरी सुटली की नळी फाटते.

गोळी लागल्यावर जनावर जिथं उभं होतं ती जागा आधी खुणेनं पक्की करायची, धावत सुटायचं नाही. अर्ध्या तासानं तिथलं रक्त पाहायचं. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, जनावर जवळच असणार. गडद तांबडं असेल तर यकृत. अजून तासभर थांबा. हिरवट आणि वासाचं असेल तर पोट. चार-पाच तास थांबून, वनरक्षकाला बरोबर घेऊन माग काढावा, कारण आत्ता पाठलाग केला तर ते कोसभर जातं, आणि जखमी डुक्कर उसाच्या फडात मागं वळून अंगावर येतं.

पंचनाम्यात गोळी सापडली तर ती सोनाराच्या काट्यावर तोलता येते. .३१५ ची मूळ १५.८ ग्रॅमची गोळी १०-११ ग्रॅम भरली आणि बोंड नीट उकललेलं दिसलं, तर काम झालं. तीन-चार ग्रॅमचं चुरगळलेलं कवच मिळालं, तर ती हाडावर फुटली. आणि जशीच्या तशी, गुळगुळीत निघाली, तर एकतर अंतर फार होतं किंवा पेटी चुकीची होती.